मस्कत, विमानाने तीन तास

"मस्कत म्हणजे काय, विमानाने तीन तास." हे वाक्य माझ्या बाबांनी किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. दूधवाल्याला ऐकवलं, पोस्टमनला ऐकवलं, पेन्शनच्या दिवशी बँकेच्या रांगेतल्या अनोळखी माणसांना ऐकवलं. आणि दर शनिवारी मी पेणहून रोह्याला त्यांच्या दारात उतरले, घामाने भिजलेली, कंबर मोडलेली, की मलाही ऐकवायचे. आज इतकी वर्षं झाली, कोणी सहज म्हणून जरी मुंबईहून आखातात जायला किती वेळ लागतो हे सांगायला लागलं, तरी माझं डोकं फिरतं. समोरच्याला कळत नाही, बाईंना झालं काय.

भाऊ माझ्याहून लहान. रोह्याच्याच एका कारखान्यात तो शिफ्टमध्ये कामाला होता. नव्वदीच्या सुरुवातीला कोणीतरी एजंट भेटला आणि तो मस्कतच्या एका कंपनीत वेल्डर म्हणून गेला. आई तेव्हा नव्हती. बाबा शाळेतून निवृत्त होऊन रोह्यातल्या दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत होते. मी लग्न होऊन पेणला. नवरा नोकरीत, मी शाळेत शिक्षिका.

बाबांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. भाऊ गेला त्या आठवड्यात त्यांनी भिंतीवर आशियाचा नकाशा टांगला आणि शिवणाचा दोरा घेऊन मुंबई ते मस्कत ताणून पाहिला. मग तोच दोरा मुंबईहून नागपूरच्या बाजूला धरला. मी समोर चहा गाळत होते.

"बघ," ते म्हणाले, "नागपूरला जायचं तर रात्र गाडीत काढावी लागते. आणि हा जेवून विमानात बसला तर पोटातलं अन्न जिरायच्या आत मुंबईच्या सहार विमानतळावर उतरेल."

मी म्हटलं, "हो बाबा." तेव्हा मला त्यांचं कौतुकच वाटलं होतं. एकट्या माणसाने कशाने तरी मनाला धीर द्यायचाच असतो.

भाऊ दोन वर्षांनी एकदा महिनाभराच्या रजेवर यायचा. एरवी फोन. आमच्या रोह्याच्या घरी फोन नव्हता. बाबा शुक्रवारी सकाळी आळीच्या तोंडावरच्या एसटीडी बूथवर जाऊन बसत, कारण शुक्रवारी त्याला सुट्टी असे आणि तो तिथे फोन करी. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे हे त्या बूथवाल्याला बाबांनी इतक्या वेळा समजावलं होतं की शेवटी तोच बाबांना सांगायचा, "गुरुजी, अजून तिकडे उजाडतंय. बसा जरा." आणि फोन आला की भाऊ शेवटी म्हणायचाच, "बाबा, काळजी करू नका हां. काही वाटलं तर एक फोन करा. तीन तासांत तुमच्यासमोर."

आता माझा प्रवास सांगते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी पिशवी घेऊन पेणच्या एसटी स्टँडवर. रोह्याची गाडी लागलेली असेल तर नशीब. नसेल तर मिळेल त्या गाडीने नागोठण्यापर्यंत आणि तिथून पुढे दुसरी. वडखळ नाक्यावर अलिबागचे आणि गोव्याचे ट्रक एकमेकांत अडकलेले. ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला की समजायचं, आता बसायचं. पुढे रस्ता असा की मांडीवरच्या डब्यातली आमटी पिशवीत यायची. नागोठण्यानंतर खिंडीतला घाट, त्यात एखादी बाई हमखास खिडकीतून ओकायची, बहुतेक माझ्याच पुढच्या सीटवर. पावसाळ्यात अंबा नदीला पूर आला की नागोठण्यालाच सगळं ठप्प. आगगाडीने जायचं तर पॅसेंजर माझ्या वेळेला नसायची, आणि असली तर कासूला क्रॉसिंगसाठी अशी उभी राहायची की माणसं खाली उतरून रुळाशेजारी बसून सुपारी कातरत. पेण ते रोहा हे काय अंतर आहे? बाबांच्या त्या नकाशावर दोन्ही गावं एकाच ठिपक्याखाली झाकली जात. पण जायला माझी दुपार जायची आणि रविवारी परत यायला संध्याकाळ. जाऊन मी स्वयंपाक करायचे, चादरी धुवायचे, बाबांच्या औषधांच्या पुड्या बांधायचे, पायांना तेल लावायचे. सोमवारी पुन्हा शाळा.

एका पावसाळ्यात बाबांना अर्धांगाचा हलका झटका आला. डावा हात उचलेना, पाय ओढत चालायला लागले. तेव्हा मी आणि नवरा दोघं जाऊन त्यांना म्हणालो, "आता पेणला चला. खालचा मजला आहे, संडास घरात आहे, डॉक्टर समोर आहे."

बाबा म्हणाले, "नको."

"का नको?"

"तो कधीही येईल. तीन तासांचा प्रवास. आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

मी म्हटलं, "बाबा, तो आधी कळवेल ना. आणि कुलूप दिसलं तर पेणला येईल. पेण त्याच्या वाटेवरच आहे."

"मुलगा बापाच्या घरी येतो," बाबा म्हणाले. "जावयाच्या घरी नाही येत."

नवऱ्याचा चेहरा पडला. मी पदर खोचून मोरीत गेले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा घासली. किती आदळआपट केली असेल! बाबांना ऐकू जावी म्हणूनच केली.

त्या आठवड्यात मी स्वतः भावाला फोन केला. तो ज्या इमारतीत राहायचा तिथे खाली वॉचमनकडे फोन होता. म्हटलं, "तू त्यांना सांग. तुझं ऐकतील. पेणला राहा म्हणावं."

तो हसला. "ताई, राहू दे ना त्यांना आपल्या घरात. बरं वाटतं त्यांना. आणि तू उगीच घाबरतेस. तुला पेणहून यायला जितका वेळ लागतो ना, त्याच्या आत मी इथून येईन. बघ, तुझ्यापेक्षा मीच त्यांच्या जवळ आहे."

मी बूथमध्ये उभी होते, बाहेर पाऊस, चपलांत चिखल. त्याला वाटलं तो गंमत करतोय. मी रिसीव्हर आदळला. बूथवाला दचकून म्हणाला, "बाई, मशीन फुटंल." नंतर त्याने मला कधी चहा विचारला नाही.

बाबा राहिले रोह्यातच. शेजारी एक मावशी होत्या, शेतकरी कुटुंबातल्या, मूळच्या धरमतर खाडीकडच्या. त्या दोन वेळची भाकरी-आमटी बाबांना आणून देत आणि अधूनमधून डोकावत. मी दर शनिवारी. असं तीन-चार वर्षं चाललं.

मग तो ऑक्टोबर आला. भात कापणीला आलं होतं आणि उकाड्याने जीव जात होता. शाळेत सहामाही परीक्षा सुरू होती. बुधवारी दुपारी शिपाई वर्गात येऊन म्हणाला, "बाई, रोह्याहून फोन आहे." मावशींचा मुलगा बूथवरून बोलत होता. बाबा पडलेत, बोलत नाहीत, डॉक्टर आलेत.

मी पेपर तसेच टेबलावर टाकून निघाले. रोह्याची गाडी नव्हती. महाडची मिळाली, उभ्याने. वडखळला ट्रक आडवा. मी कंडक्टरला म्हटलं, "अहो, माझे वडील सिरीयस आहेत." तो बिचारा म्हणाला, "ताई, मी काय विमान उडवू?" त्याला काय ठाऊक, तो काय बोलून गेला. त्या गाडीत मी इतक्या मोठ्याने ओरडले की पुढच्या बाकावरचं पोर रडायला लागलं. काय ओरडले ते आठवत नाही.

नागोठण्याला उतरून एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडले. त्याने खिंड ओलांडून आळीच्या तोंडाशी सोडलं. दारात चपला दिसल्या. इतक्या चपला आमच्या दारात कधीच नसत. मावशी पुढे आल्या आणि मला धरून म्हणाल्या, "ऱ्हायले नाय गो बाय. तुझी वाट बघत व्हते. आत्ताच गेले."

आत्ताच! वडखळला आडवा झालेला ट्रक बाजूला घेतला असता तर मला त्यांचा हात धरता आला असता.

मी आत जाऊन बाबांच्या कपाळावर हात ठेवला. अजून थंड झालेलं नव्हतं. मग उठून बूथवर गेले आणि मस्कतला फोन लावला. वॉचमनने भावाला बोलावून आणलं. मी एवढंच म्हटलं, "बाबा गेले रे." तो लहान मुलासारखा रडला. मग म्हणाला, "ताई, थांबा. मी येईपर्यंत थांबा. निघतोच. तीन तासांचं तर विमान आहे."

मी घरी येऊन सांगितलं, तो निघतोय. काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, लगेच सूत्रं हातात घेतली. काका जवळच्याच गावात राहत. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि आंब्यांच्या वेळी. ओट्यावर बसून ते आणि आणखी चार पुरुष हिशोब करायला लागले. समजा रात्रीचं विमान मिळालं. तीन तास. सामान घेऊन बाहेर यायला तास-दोन तास. तिथून टॅक्सी. म्हणजे सकाळी न्याहारीच्या वेळेला येतोय.

"मुलाने अग्नी द्यायला हवा," काका म्हणाले. "एका रात्रीचा तर प्रश्न. बर्फ आणा."

मावशींच्या नवऱ्याने मच्छीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणल्या. भुशात गुंडाळलेल्या, माशांचा वास येणाऱ्या. माझ्या बाबांना, ज्यांनी रोज धुतलेलं धोतर नेसलं, त्यांना आम्ही त्या लाद्यांमध्ये ठेवलं. सकाळ झाली. भाऊ नाही. न्याहारीची वेळ गेली. ओट्यावर पुन्हा हिशोब. रात्रीचं विमान चुकलं असेल, सकाळचं घेतलं असेल. तीन तास. बर्फ वितळून पाणी उंबऱ्यावरून अंगणात वाहत होतं. मी पाणी पुसत होते, पिळत होते, पुन्हा पुसत होते. पाण्यावर मुंग्या, माश्या. बाबांचा चेहरा बदलायला लागला होता. मी उदबत्त्या लावत होते आणि बाहेर पुरुष चहा पीत विमानाचं वेळापत्रक मांडत होते. त्यातल्या एकानेही विमान आतून पाहिलेलं नव्हतं.

मावशींचा नवरा दोनदा आभाळाकडे बघून गेला. परतीच्या पावसाचे ढग येत होते आणि त्याचं भात शेतात आडवं पडलं होतं.  काकांनी नवीन बर्फ आणायला सांगितला, तरी तो पुन्हा गेला.

दुपारी मी उठले आणि न सांगता बूथवर गेले. मस्कतचा फोन वॉचमनऐवजी भावाच्या खोलीतल्या एका केरळी मुलाने उचलला. तो चांगलं हिंदी बोलत होता. मी विचारलं, "वो निकला क्या?"

"कैसे निकलेगा दीदी?" तो म्हणाला. "पासपोर्ट तो कंपनी के पास है ना."

मला कळेना. "कंपनी के पास क्यों?"

"सबका कंपनी के पास रहता है. पहले दिन ही ले लेते हैं. अभी गुरुवार, शुक्रवार ऑफिस बंद है. शनिवार को खुलेगा तो मिलेगा. वो कल रात से साहब लोगों के घर के चक्कर लगा रहा है. चाबी वाला आदमी ही नहीं मिल रहा."

"पहले दिन से?" मी विचारलं. "मतलब शुरू से?"

"हां दीदी. शुरू से."

मी फोन ठेवला. बूथमधल्या स्टुलावर बसले. पहिल्या दिवसापासून. म्हणजे तो जेव्हा बाबांना "एक फोन करा, तीन तासांत तुमच्यासमोर" म्हणत होता, तेव्हा त्याचा पासपोर्ट कुठल्यातरी साहेबाच्या कपाटात कुलपात होता. मस्कतहून मुंबईला विमान तीन तासांत येत होतं हे खरं. माझा भाऊ त्यात बसू शकत नव्हता, हेही तितकंच खरं. आणि या एका खोट्या तीन तासांसाठी बाबा पेणला आले नाहीत. या तीन तासांसाठी ते लंगडत एकटे त्या घरात राहिले, आणि मी दर शनिवारी ट्रकांच्या धुरात वडखळला बसून राहिले.

मी घरी आले आणि ओट्यावर उभी राहून म्हणाले, "तो शनिवारच्या आत निघू शकत नाही. त्याचा पासपोर्ट कंपनीकडे आहे आणि ऑफिस बंद आहे."

काका म्हणाले, "कोण म्हणतं?"

"मी आत्ता फोन केला."

"त्याच्याशी बोललीस?"

"त्याच्या खोलीतल्या मुलाशी."

"मग त्या मुलाला काय माहीत? परका माणूस. अगं, तीन तासांचं विमान आहे! वाटेत असेल तो. संध्याकाळपर्यंत बघू."

 मी म्हणाले, "संध्याकाळपर्यंत नाही. आता. मी देते अग्नी."

कोणीतरी आतून "अगं बाई" म्हणालं. काका उठून उभे राहिले. "डोकं ठिकाणावर आहे का? मुलगा जिवंत असताना मुलगी? आणि त्याने नाही, तर माझा मुलगा आहे की. पुतण्या देतो अग्नी."

"तुमच्या मुलाने बाबांना शेवटचं कधी पाहिलं होतं?" मी विचारलं. "त्यांचा कोणता हात लुळा पडला होता ते त्याला विचारा."

चुलतभाऊ तिथेच उभा होता. तो खाली बघायला लागला. त्याचा काही दोष नव्हता, पण मला त्या वेळी कोणाचीच दया येत नव्हती.

काका म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"लोकांना आत बोलवा," मी म्हणाले. "आत येऊन एकदा बाबांच्या तोंडाकडे बघा म्हणावं. मग काय म्हणायचं ते म्हणा. तुम्ही कालपासून एकदा तरी आत आलात का? मासे ठेवतात तसं ठेवलंत तुम्ही त्यांना. कशासाठी? विमानातून येणाऱ्या मुलाची वाट बघितली एवढं चारचौघांत सांगायला?"

माझा आवाज आळीत गेला असणार. समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. गुरुजी, म्हणजे क्रियाकर्म करणारे, कोपऱ्यात बसले होते. पन्नाशीचे असतील, बाबांचे जुने विद्यार्थी होते. ते हळूच म्हणाले, "मुलीने दिला तर चालतो. मी मंत्र सांगतो. आता खरंच थांबू नये."

काका त्यांच्यावरही घसरले. पण मावशी मधे आल्या. पदर कमरेला खोचून म्हणाल्या, "तुमी इमान मोजीत बसा. पोरगी दर शनवारी आली, मी बघितलीय. ह्यो उकाडा, त्यो बर्फ, मानसाची इटंबना झाली. व्हय, तीच देल. उचला."

आणि पहिला खांदा त्यांच्या नवऱ्याने दिला. ज्याचं भात शेतात पडलं होतं त्याने.

मी नदीकाठच्या स्मशानापर्यंत मडकं धरून पुढे चालत गेले. काका आले, पण मागे, लांब. चितेला अग्नी देताना मी रडले नाही. मनात एकच विचार होता आणि तो लाजिरवाणा वाटावा इतका साधा होता: आता तरी तुम्ही कोणाची वाट बघू नका बाबा. त्यांच्यावरही राग होताच. माझ्या घराला त्यांनी जावयाचं घर म्हटलं होतं, तो राग घेऊनच मी त्यांना अग्नी दिला.

चिता विझता विझता पाऊस आला. मावशींचं बरंचसं भात भिजलं.

भाऊ रविवारी आला. टॅक्सीतून, हातात मोठी बॅग, डोळे सुजलेले. ओट्यावरची माणसं त्याला बघून उठून उभी राहिली. मी बुधवारी आले तेव्हा कोणी उठलं नव्हतं. काकांनी त्याला मिठी मारली. बायका म्हणाल्या, "समुद्र ओलांडून आलं बिचारं." आणि तो रडत रडत काय म्हणाला? "तिकीटच मिळालं नाही हो काका. सगळी विमानं फुल्ल. नाहीतर तीन तासांत..."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बघ," ते म्हणाले. "पासपोर्ट म्हणे. जरा धीर धरला असता तर."

मी गप्प बसले. इतक्या माणसांत त्याला उघडं पाडणं मला जमलं नाही. तोंड उघडलं असतं तर मी त्याला मारलं असतं, म्हणूनही गप्प बसले असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागीलदारी हौदाशी तोंड धुवायला गेला, तेव्हा मी मागोमाग गेले.

"पासपोर्ट कोणाकडे होता?"

त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणाकडे होता ते सांग."

"कंपनीकडे," तो म्हणाला. "सगळ्यांचेच असतात ताई. माझा एकट्याचा नाही. मागायला गेलं तर म्हणतात, कारण लिहून दे, साहेबाची सही आण, बदली माणूस दाखव. गेल्या वर्षी एकाची बायको गेली. त्याला पंधरवड्याने सोडला."

"मग बाबांना काय सांगत होतास इतकी वर्षं?"

"त्यांना बरं वाटायचं."

"त्यांना बरं वाटायचं म्हणून ते इथे एकटे मेले," मी म्हणाले. "तू येशील म्हणून त्यांनी घर सोडलं नाही. मी हातापाया पडले, तुला फोन केला. तेव्हा तरी खरं बोलायचंस. नाही येऊ शकत म्हणायचंस. ते दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले असते."

तो हौदाच्या कठड्यावर बसला. "काय सांगू? इथून गेलो तेव्हा सगळ्या आळीने हार घातले मला. आणि तिकडे मी काय आहे माहीत आहे? सुट्टी मागायला गेलो की दारात उभं ठेवतात. ते बाबांना सांगू? भूगोलाच्या नकाशावर दोरा लावून बसलेल्या माणसाला?"

"हो," मी म्हणाले. "सांगायचं. बापालाच सांगायचं असतं. आणि मला काय म्हणाला होतास? तुझ्यापेक्षा मी जवळ आहे. आठवतं?"

तो रडायला लागला. मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू. परक्या देशात लोखंड जोडणारा माझा भाऊ, ज्याला बापाच्या मरणाला यायला कपाटाची किल्ली शोधत दारोदार फिरावं लागलं. ज्या कंपनीने त्याचा पासपोर्ट ठेवून घेतला तिच्या नावाने मी त्या सकाळी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. पण कीव आली म्हणून राग गेला, असं झालं नाही. दोन्ही एकाच वेळी होते आणि मी त्याला जवळ घेतलं नाही. बादली भरून आत निघून आले.

तेरावं झाल्यावर तो परत गेला. पुढची दोन वर्षं आम्ही कामापुरतं बोललो. घर विकावं की ठेवावं, कौलं फुटली आहेत, घरपट्टी कोणी भरायची, एवढंच. मग तो नोकरी सोडून कायमचा परत आला, महाडकडे एका वर्कशॉपमध्ये लागला आणि त्याने लग्न केलं. का सोडली ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्यानंतर एकदा पेणला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. पंगत बसली होती. माझ्या शेजारी भावजय, समोरच्या रांगेत भाऊ, आणि त्याच्या पलीकडे काका. काकांना आता ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते मोठ्याने बोलायचे. मुलाकडच्या पाहुण्यांना ते माझ्या बाबांची गोष्ट सांगत होते. "आमच्या थोरल्या बंधूंचं नशीब बघा," ते म्हणाले. "मुलगा मस्कतला. फोन गेला आणि विमानाने तीन तासांत हजर! त्याच्या हातून अग्नी मिळाला."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. पाहुणे माना डोलवत होते. इतक्या थोड्या वर्षांत मी त्या स्मशानातून पुसली गेले होते. मडकं धरून चाललेली मी नव्हतेच.

मी पानावरून उठले. उष्ट्या हाताने, भर पंगतीत. म्हटलं, "अग्नी मी दिला."

वाढपी थांबला. काका म्हणाले, "काय म्हणते ती?"

मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "माझ्या वडिलांना अग्नी मी दिला, काका. तुम्ही तिथेच होतात."

भावजयीने माझा पदर ओढला. "वन्सं, बसा ना. लग्नघर आहे." यजमानीण बाई लगबगीने पुढे आल्या. मला पक्कं माहीत होतं, आता सगळे मलाच वेडी म्हणणार.

तेव्हा समोरून भाऊ म्हणाला, "ती खरं सांगतेय काका."

काकांनी कानाला हात लावला.

"तिनेच दिला," भाऊ आणखी मोठ्याने म्हणाला.  "मी चार दिवसांनी आलो. माझा पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतला होता. तिकिटाचं मी खोटं सांगितलं होतं तुम्हाला."

 मग वाढप्याने कोणाला तरी भात हवा का विचारलं आणि हळूहळू बोलणं सुरू झालं. काकांनी पाहुण्यांकडे बघून, "असेल, असेल, म्हातारपणी विसरायला होतं," असं काहीतरी म्हटलं.

मी बसले नाही. हात धुवायला बाहेर मांडवाच्या मागे गेले. थोड्या वेळाने भाऊ आला. त्याने पाण्याचा तांब्या उचलून माझ्या हातावर पाणी घातलं.

"इतकी वर्षं लागली तुला," मी म्हणाले.

"लागली," तो म्हणाला.

मी त्याच्याशी भांडायलाच उभी राहिले होते. पण आत यजमानीण बाई ओरडत होत्या की ताई जेवल्याशिवाय गेल्या तर मी पान उचलणार नाही, म्हणून आम्ही दोघं आत गेलो. मी काकांच्या अगदी समोर जाऊन बसले आणि पोटभर जेवले.